ताटातलं हाडूक आणि ठोकळ्यावरचं हाडूक

मागच्या रविवारी घरामागच्या ओट्यावर बसून मी एक उद्योग केला. कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घेतली. एक सकाळी दुकानातून आणलेलं, कच्चं, गुलाबीसर, टोकांना पांढरी चिवट कूर्चा असलेलं. दुसरं दुपारच्या जेवणातलं, रस्सा ओरपून झाल्यावर ताटाच्या कडेला उरलेलं. घरातली पकड घेतली आणि दोन्ही हाडं एकामागून एक मधोमध दाबली. कच्चं हाडूक आधी जरासं वाकलं, मग चेचलं गेलं. आतली लालसर मज्जा बाहेर आली, तुकडे झाले ते कडेला बोथट आणि एका पातळ पापुद्र्यानं एकमेकांना धरून राहिलेले. ताटातलं हाडूक वाकलंच नाही. कट्‌ असा आवाज झाला, उभी चीर गेली आणि एक तुकडा उडून तुळशीपाशी पडला. उचलून पाहिला तर बोरूच्या टोकासारखा तिरपा छाटलेला. अंगठ्याच्या पेरावर टेकवून थोडा दाबला, आणि लगेच काढून घेतला.

आमचा कुत्रा खंड्या साखळीला ताण देऊन हे सगळं बघत होता. त्याला दोन्हीतलं काहीच मिळालं नाही.

आपल्या घराघरांतली रीत या प्रयोगाच्या बरोबर उलट आहे. कच्चं मांस दिलं तर कुत्रं चटावतं, माणसांवर गुरगुरायला लागतं, म्हणून ते द्यायचं नाही; आणि माणसांनी चावून-चोखून टाकलेली हाडं मात्र ताटं घासायच्या आधी अंगणात नेऊन ओतायची. मीही पंधरा-वीस वर्षं हेच केलं. कच्च्या मांसानं कुत्रं चावरं होतं या समजाला काही आधार नाही. ताटातल्या हाडांनी कुत्रं मरणाच्या दारात जातं की नाही, हे मात्र कोणत्याही गुरांच्या डॉक्टरला विचारून बघा.

मला ते विचारावं लागलं नाही, दिसलंच. दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी खंड्यानं पाहुण्यांच्या पंगतीतली हाडं खाल्ली. सोमवारी भाकरीला तोंड लावलं नाही. मंगळवारी सकाळी तो कुंपणाशी पाठ वाकवून बसला, जोर केला, विव्हळला, उठून दुसरीकडे जाऊन पुन्हा बसला. असं चारदा. शेवटी पडलं ते खडूसारखं पांढरट, बोटभर, आणि त्याच्यावर रक्ताची रेघ. डॉक्टरांनी पोट चाचपलं, एनिमा दिला, आणि बऱ्याच वेळानं ट्रेमध्ये जे काढून दाखवलं ते घट्ट झालेल्या सिमेंटच्या खड्यासारखं होतं, त्यात हाडांच्या काड्या रोवलेल्या.

"शिजलेली होती ना?"

"हो."

"कांद्या-मसाल्यातली?"

"हो."

"शिकलेली माणसं तुम्ही, सर," एवढंच ते म्हणाले. त्या वाक्यापेक्षा त्यांची फी स्वस्त पडली.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. आणि लक्षात आलं ते असं, की यात दोन वेगवेगळे धोके आहेत आणि लोक त्यातला एकच धरून भांडतात. एक धोका टोकाचा, म्हणजे हाड टोचण्याचा, अडकण्याचा. दुसरा जंतूंचा. शिजवलं की जंतू मरतात पण हाड घातक होतं. कच्चं ठेवलं की हाड मवाळ राहतं पण जंतू जिवंत राहतात. कुत्र्याला हाडूक द्यायचं की नाही याचा सगळा हिशोब या दोन ओळींत आहे.

आधी हाडाचं. जुन्या घरांत कुडाच्या भिंती असायच्या. तुराट्या किंवा पऱ्हाट्या एकमेकींत गुंतवून उभ्या करायच्या आणि वरून शेणमातीनं लिंपायचं. माती भार सोसायची, काड्या तिला धरून ठेवायच्या. हाडाची रचना तशीच असते. साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस. उरलेल्यात बराचसा कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. खनिजामुळे हाड कडक होतं, धाग्यांमुळे ते तुटायच्या आधी वाकतं. हाड पाण्यात उकळलं की कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि रश्श्यात उतरतं. पायांचा रस्सा थंड झाल्यावर थरथरतो तो त्यामुळेच. म्हणजे रश्श्याला आलेला दाटपणा हा हाडातून गेलेल्या तुराट्यांचा. मागे उरते ती नुसती माती. तीही साधी भुसभुशीत झाली असती तर प्रश्न नव्हता. पण नेहमीच्या शिजवण्यात हाड अर्धवटच रिकामं होतं. ते विरत नाही, फक्त ठिसूळ होतं, आणि लांब हाड ठिसूळ झालं की उभं चिरतं. तंदूरमधली, तळलेली, निखाऱ्यावर भाजलेली हाडं तर आणखी वाईट, कारण त्यांतलं पाणीही उडून गेलेलं असतं.

आता कुत्र्याचं तोंड बघा. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, पण आपल्या दाढांसारखं दळायचं काम त्यांतल्या थोड्याच दातांना जमतं. वरचा चौथा उपदाढेचा आणि खालचा पहिला दाढेचा दात कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर घासतात. कुत्रं कापतं, तोडतं आणि गिळतं. चावून चावून बारीक करत बसत नाही. शेजारी दुसरं कुत्रं उभं असेल तर तेवढंही करत नाही. बाकीचं काम त्यानं पोटातल्या आम्लावर सोपवलेलं असतं, आणि ते आम्ल खरोखर जबर असतं. कच्च्या कोवळ्या हाडाला ते विरघळवतं. अडचण येते ती पोटात पोहोचण्यापूर्वी आणि पोटातून पुढे गेल्यावर. घशात, अन्ननलिकेत, आतड्याच्या वळणांवर.

'कोंबडीचं हाड' असं आपण सरसकट म्हणतो, पण कोंबडी कुठली यावर फार अवलंबून असतं. दुकानात मिळणारी ब्रॉयलर, जिला आपल्याकडे सगळे 'बॉयलर'च म्हणतात, ती पाच-सहा आठवड्यांची असते. वजन दोन किलोच्या आसपास, पण वयानं पिल्लूच. तिच्या हाडांची टोकं अजून कूर्चेचीच असतात. अंड्यांवरची लेअर कोंबडी वेगळी. ती दीड वर्षाची होऊन अंडी कमी द्यायला लागली की स्वस्तात विकली जाते. एका अंड्याच्या कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि खाण्यातून कमी पडलं की कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. त्यामुळे तिची हाडं कच्ची असतानाच ठिसूळ झालेली असतात. स्वस्त मिळाली म्हणून कुत्र्यासाठी लेअर आणणारे लोक मी पाहिले आहेत. पैसे वाचतात, पण हाड चुकीचं येतं. आणि गावरान कोंबडा वर्षभर उकिरडे उकरत हिंडलेला, त्याची तंगडी म्हणजे लाकूड. ती माणसानंच खावी आणि हाड केराला टाकावं.

आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडात चिकनच्या दुकानावर रविवारी सकाळी गर्दी असते. जंक्शन असल्यानं आदिलाबादकडून किंवा नांदेडकडून गाडी आली की उतरलेला माणूसही पिशवी घेऊन आधी तिकडे वळतो. फुलांच्या गावात एवढा एक कोपरा सोडला तर सगळीकडे मोगऱ्याचा वास येतो, असं मी पाहुण्यांना सांगतो. दुकानदार मामू कोंबडी कापतो, निळ्या ड्रममध्ये टाकतो, फडफड थांबली की पिसांसकट कातडी ओढून काढतो आणि लाकडी ठोकळ्यावर तुकडे करतो. पाय, मान, आतडी, कातडी हे सगळं बाजूच्या टपात पडतं. मी 'कुत्र्यासाठी' म्हटलं की तो टपाकडे बोट दाखवतो, "फुकट न्या, सर." इथंच पहिली चूक होते. टपातलं सकाळी सहापासूनचं असतं, त्यात आतड्यांचं पाणी मिसळलेलं असतं, वर माशा असतात. मी वीस-तीस रुपये देतो आणि माझ्या डोळ्यांदेखत कापलेल्या कोंबडीच्या माना आणि पंजे वेगळ्या पिशवीत घेतो. आपण मागितलं नाही तर वेगळी पिशवी कोणी देत नाही.

मानच का? मान म्हणजे एकावर एक बसवलेले लहान मणके, मध्ये मांस आणि कूर्चा. त्यात लांब नळीसारखं हाड नाही, त्यामुळे सुई होईल असा तुकडाही निघत नाही. हाडाचं प्रमाण साधारण एक तृतीयांश. पंजात ते अर्ध्याहून जास्त, पण सगळी बारीक हाडं, कातडी आणि शिरा. नखं मात्र दुकानातच छाटून घ्यावीत. पंख मधल्या गटातला. लहान कुत्र्याला चालतो, तरी त्यातली दोन लांब हाडं मला आवडत नाहीत. पाठीचा आणि बरगड्यांचा सांगाडा मऊ असतो. मांडी आणि तंगडी, म्हणजे कोंबडीचा भार वाहणारी हाडं, ब्रॉयलरची असली तरी मी देत नाही. पकडीखाली ती वाकली हे खरं. पण पकड हळूहळू दाबता येते, खंड्या तसा दाबत नाही.

मानेचा एक तोटा असा की ती कुत्र्याच्या घशाच्या आकाराची असते. मोठं, अधाशी कुत्रं ती न चावता आख्खी ओढून घेतं आणि गुदमरतं. त्याला साधा उपाय मामूनंच सांगितला. सुऱ्याची पाठ फिरवून ठोकळ्यावर चार ठोके द्यायचे; मान चपटी होते, मणके सुटे होतात. लहान तोंडाच्या कुत्र्याच्या बाबतीत उलट, तुकडा त्याच्या तोंडाहून मोठा असावा म्हणजे त्याला चावल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. एका वेळी एकाच कुत्र्याला द्यावं. ते खात असताना जवळ उभं राहावं, पण तोंडातून ओढायला जाऊ नये. ओढलं की कुत्रं उरलेलं घाईनं गिळतं. काढून घ्यायचंच असेल तर दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा दाखवावा.

आणि प्रमाण. कच्चं अन्न देणारे लोक एक ढोबळ हिशोब धरतात: दिवसाचं खाणं कुत्र्याच्या वजनाच्या दोन-तीन टक्के, त्यात हाड दहावा हिस्सा. वीस किलोच्या कुत्र्याला ४०० ते ६०० ग्रॅम खाणं, त्यात ४० ते ६० ग्रॅम हाड. म्हणजे तीन माना झाल्या की पुरे. हाड जास्त झालं की विष्ठा पांढरी, भुकटीसारखी होते आणि कुत्रं कुंथायला लागतं. हा इशारा समजावा आणि पुढचे काही दिवस हाड बंद करावं.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी कच्च्या हाडांची वकिली करतोय. जगात तशी वकिली करणारे आहेत. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये 'गिव्ह युअर डॉग अ बोन' हे पुस्तक लिहिलं आणि कच्ची मांसल हाडं हेच कुत्र्याचं खरं अन्न, अशी चळवळच उभी राहिली. त्यांचं हाडाबद्दलचं म्हणणं मला पटतं. पण ते ऑस्ट्रेलियात बसून लिहीत होते, जिथं कोंबडी कापल्यापासून ग्राहकाच्या फ्रिजपर्यंत थंड राहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, दुकानात बर्फ नसतो आणि घरातली लाइट दुपारी दोन तास गेलेली असते.

कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोन जंतू सर्रास सापडतात. साल्मोनेलाला सगळ्यात मानवतं ते आपल्या अंगाइतकं, ३७ अंशांच्या आसपासचं तापमान. म्हणजे उन्हाळ्यातली आपली सावली. अर्ध्या तासाला दुप्पट एवढा सावकाश हिशोब धरला तरी सहा तासांत एकाचे चार हजारांवर जातात. निरोगी कुत्र्याला बहुधा काही होत नाही. होतं ते घरच्यांना. कुत्र्याच्या पोटातून जंतू विष्ठेत येतात, तोंडाला लागलेले असतातच, आणि तेच तोंड रांगत्या नातवाचा गाल चाटतं. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा मोठ्या आजाराचे उपचार घेणारं कोणी असेल तर कच्चं हाडूक घरात आणूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०१२ मध्ये कच्चं मांस देऊ नका असं धोरणच केलं, त्यामागे कुत्र्यांइतकीच माणसांचीही काळजी होती. फ्रीझरमध्ये ठेवलं की झालं, असं काही जण सांगतात. गोठवण्यानं काही परजीवी मरतात, साल्मोनेला नुसता झोपतो. आणि मटण-कोंबडी नळाखाली धुण्याची आपली सवय जंतू घालवत नाही, त्यांना बेसिनभर उडवते.

कुत्र्याला अगदीच काही होत नाही, असंही नाही. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मागच्या पायांपासून सुरू होऊन अंगभर पसरणाऱ्या एका पक्षाघाताचा अभ्यास प्रसिद्ध केला. २७ आजारी कुत्री आणि ४७ निरोगी कुत्री यांची तुलना होती. आजाऱ्यांमध्ये कच्ची कोंबडी, विशेषतः माना खाणारी जास्त निघाली, आणि त्यांच्यात कॅम्पिलोबॅक्टर सापडण्याची शक्यता नऊ पटींहून अधिक होती. शरीर जंतूशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटतं, असं त्याचं कारण दिसतं. आजार दुर्मीळ आहे, बहुतेक कुत्री काही आठवड्यां-महिन्यांत उभी राहतात. पण मान सगळ्यांत सुरक्षित म्हणून मी वर जे सांगितलं त्याच्या शेजारी हेही लिहून ठेवायला हवं.

आणि मग बर्ड फ्लू. तो आपल्यासाठी लांबची बातमी राहिलेला नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा आला तो नंदुरबारमधल्या नवापुरात. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले आणि त्याच महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात किवळ्याच्या कोंबड्यांत तो निघाला. लोहा म्हणजे माळेगावच्या खंडोबाचा तालुका. मार्गशीर्षात तिथं भरणाऱ्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट तर येतातच, पण जिल्हा परिषदेचं अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शनही भरतं. कुत्रा आणि कोंबडा एकाच मांडवात, एकाच पंचांसमोर, तेही ऐन हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या या रोगाच्या हंगामात. माझ्या लहानपणी त्यात फक्त गंमत दिसायची.

कच्ची कोंबडी खाणाऱ्या जनावरांचं काय होऊ शकतं ते नागपूरनं पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने गेले, बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला, आणि संशयाची सुई खाद्यातल्या कोंबडीकडे वळली. थायलंडमध्ये २००४ साली एका व्याघ्र उद्यानात कोंबडीच्या मांसातून हाच विषाणू शिरला आणि १४७ वाघ गेले. काही रोगानं मेले, काहींना साथ थांबवण्यासाठी मारावं लागलं. कुत्रं मांजरवर्गापेक्षा चिवट असतं, तरी त्याच वर्षी थायलंडमध्येच मेलेलं बदक खाल्लेलं एक कुत्रं पाच-सहा दिवसांत नाकातून रक्त येऊन मेलं, अशी नोंद आहे. म्हणून आसपास कावळे-कोंबड्या मरत असल्याची नुसती कुणकुण लागली तरी कच्ची कोंबडी बंद. गावात एक वाईट सवय आहे: खुराड्यातली कोंबडी अचानक मेली की 'वाया कशाला घालवायची' म्हणून ती कुत्र्यापुढे टाकतात. तिला हात न लावता जनावरांच्या दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावं.

मग कुत्र्याला हाडूक हवंच कशाला, असा प्रश्न माझ्या बायकोनं विचारला, आणि तो योग्य होता. कुत्रं म्हणजे लांडगा, त्याला रक्त-मांसच हवं, हे अर्धसत्य आहे. २०१३ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या संशोधनानं दाखवलं की पिष्टमय अन्न पचवणाऱ्या अमायलेज जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं बसून ते भाकरी पचवायला शिकलं. आमच्या लातूरकडची करवानी कुत्री बघा. चाकूर तालुक्यातलं जानवळ त्यांच्यासाठी नावाजलेलं. सशाच्या मागे वाऱ्यासारखी सुटणारी ही जात घरी ज्वारीची भाकरी आणि दूध खाऊनच पोसली गेली.

भाकरीत कमी पडतं ते प्रथिन आणि कॅल्शियम. मांसातही कॅल्शियम नसल्यात जमा असतं, फॉस्फरस मात्र भरपूर. नुसतं मांस किंवा नुसती भाकरी घातली की शरीर हाडांतून कॅल्शियम उपसायला लागतं आणि पिलांचे पाय वाकतात. हाडूक ही तूट भरून काढतं, म्हणून ते उपयोगी. पण तेच काम अंड्याचं कवच करतं. कवचं दहा मिनिटं उकळायची, कडक उन्हात वाळवायची, मिक्सरमध्ये पिठासारखी दळायची. वीस किलोच्या कुत्र्याला रोज सपाट अर्धा-पाऊण चमचा पुरतो. वाढत्या पिलांना मात्र आपल्या मनानं काही घालू नये. करवानीसारख्या उंच वाढणाऱ्या जातींत कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात. तिथं डॉक्टरांना विचारूनच.

मी स्वतः शेवटी कुकरवर आलो. माना आणि पंजे, नुसतं पाणी. मीठ नाही, हळद-तिखट नाही, कांदा-लसूण तर नाहीच. कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅमच्या पुढे कांदा घातक ठरू शकतो, आणि आपल्या रश्श्याचं वाटण म्हणजे कांदाच. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून तास-सव्वा तास. साध्या शिजवण्यात हाड अर्धवट रिकामं होतं म्हणून चिरतं. कुकरच्या दाबाखाली इतका वेळ गेला की ते पुरतं रिकामं होतं आणि चिरायला काही उरत नाही. गार झाल्यावर प्रत्येक तुकडा दोन बोटांत चिरडून बघतो. ओल्या खडूसारखा विरला तर भाकरीत कालवायचा. बोटाला जराही टोचला तर परत कुकरात किंवा केरात. तंगडीचं हाड या कसोटीला सहसा उतरत नाही, म्हणून ते घालतच नाही. वरचं जेलीसारखं पाणी भाकरी भिजवायला. यात जंतूही मेले आणि सुयाही गेल्या. कुत्र्याला हाडूक चावण्याची मजा मिळाली नाही, एवढं नुकसान मान्य.

ती मजा खंड्याला मी हिवाळ्यात कधीमधी देतो. बर्ड फ्लूची बातमी नाही, नातू घरी आलेला नाही, कोंबडी माझ्यासमोर कापलेली, दुकानातून निघाल्यापासून अर्धा तास झालेला नाही, असं सगळं जुळलं तर ठोकळ्यावर चेचलेल्या दोन माना. मागच्या फरशीवर, माझ्यासमोर. संपलं की फरशीवर उकळतं पाणी आणि माझे हात साबणानं. सगळं जुळण्याचे दिवस वर्षात फार येत नाहीत, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

कोणाच्या कुत्र्यानं शिजलेलं हाड खाल्लंच, तर मीठपाणी पाजून ओकवू नका. जाताना जे टोचलं नाही ते उलटं येताना टोचतं. भाकरी किंवा मऊ भात घाला आणि तीन दिवस लक्ष ठेवा. लाळ गळणं, पंजानं तोंड खरवडणं, पुन्हापुन्हा ओकारी, पोट ताठ होणं, शौचाला न होणं किंवा रक्त पडणं, यांतलं एकही दिसलं तर घरगुती तेल-तूप पाजत बसू नका, डॉक्टरकडे न्या. हाड एक्स-रेत दिसतं. मोठी अडचण असेल तर आमच्या बाजूला परभणी आणि उदगीर इथली पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. मुदखेडहून परभणीला तर थेट गाडी आहे.

आणि एक विनंती, ज्यांच्याकडे कुत्रं नाही त्यांनाही. रविवारची, कंदुरीची, हळदीच्या पंगतीची हाडं पत्रावळीसकट गल्लीच्या कोपऱ्यावर टाकू नका. तिथं जी चार-पाच कुत्री झोंबतात त्यांच्या पोटात काय अडकलं हे बघायला कोणी मंगळवारी येत नाही. हाडं पिशवीत बांधा, तोंड घट्ट आवळा आणि घंटागाडी येईपर्यंत उंचावर टांगून ठेवा.